सही घेतली, मग रात्र कोणाची?

दर काही महिन्यांनी एकच बातमी कपडे बदलून येते. कुठे वादळ होतं, कुठे संगणक ठप्प होतात, उड्डाणं रद्द होतात आणि एकट्याने प्रवास करणारं आठ-नऊ वर्षांचं मूल मधल्याच कुठल्यातरी विमानतळावर रात्रभर अडकतं. मग भांडण पेटतं. एवढ्याशा पोराला एकटं पाठवणारे हे आईबाप तरी कसले, असं एक बाजू विचारते. दुसरी बाजू कंपनीला निर्दयी ठरवून मोकळी होते. कंपनी दिलगिरीचं पत्रक काढते आणि आभाळाकडे बोट दाखवते. दोन दिवसांनी सगळे आपापल्या कामाला लागतात. या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारतच नाही: त्या रात्री अकरा वाजता त्या मुलाचं पालक कोण होतं? नाव काय, हुद्दा काय, आणि ती जबाबदारी त्या माणसावर कोणी सोपवली होती? दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा वाद चालला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विमान कंपनी एका टोकाला सही घेऊन मुलाला ताब्यात घेते आणि दुसऱ्या टोकाला सही घेऊनच सोडते. या दोन सह्यांच्या मधला सगळा वेळ तिचा. त्यात रात्रही आली. विमान कशामुळे रद्द झालं, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. आणि ज्या कंपनीपाशी अशा रात्रीसाठी आधीच ठरलेली जागा, ठरलेली माणसं आणि ठरलेली रीत नाही, तिला ही सेवा विकू देऊ नये.

ही व्यवस्था ज्यांनी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. विमान कंपन्यांच्या भाषेत अशा मुलाला 'अनअकम्पनिड मायनर' म्हणतात. आरक्षणाच्या नोंदीत यूएमएनआर ही चार अक्षरं पडतात. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांत साधारण ५ ते १४ वर्षांच्या मुलांना एकटं पाठवायचं असेल तर ही सेवा घ्यावीच लागते, आणि तिचं वेगळं शुल्क असतं. सोडायला आलेल्या माणसाने फॉर्म भरायचा, विमान हवेत झेपावेपर्यंत विमानतळावरच थांबायचं. ग्राउंड स्टाफ मुलाला विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या हवाली करतो, ते पलीकडच्या ग्राउंड स्टाफच्या. शेवटी घ्यायला आलेल्याचं ओळखपत्र तपासलं जातं आणि तो सही करतो. दिवसाउजेडी, वेळेवर सुटणाऱ्या विमानासाठी ही साखळी उत्तम आहे. शिवाय कंपन्या सावधगिरीही बाळगतात. काही जण अशा मुलांना फक्त थेट विमानातच घेतात, तर काही जण दिवसाच्या शेवटच्या कनेक्टिंग फ्लाइटवर त्यांचं तिकीटच काढू देत नाहीत. म्हणजे रात्रीची भीती कंपन्यांना पुरती ठाऊक आहे. फॉर्मवर मात्र रात्रीसाठी रकाना नाही. नियमावलीत फार तर एक वाक्य असतं, की मुक्काम करावा लागल्यास देखरेखीची व्यवस्था केली जाईल. कर्मणी प्रयोगाची ही मोठी सोय आहे. 'व्यवस्था केली जाईल' या वाक्यात कर्ता दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही.

अशी एक रात्र मी स्वतः पाहिली आहे. विमान सकाळवर गेलं होतं. मोठी माणसं हॉटेलच्या कुपनांसाठी रांगेत भांडत होती. काउंटरच्या आतल्या बाजूला, सामान तोलण्याच्या पट्ट्यालगत, एक मुलगी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. गळ्यात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. शेजारी कंपनीची एक कर्मचारी. तिची पाळी केव्हाच संपली होती. तिने घरी फोन करून 'मला आज उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या' असं सांगितलं ते मी ऐकलं. पहाटे मी उठून पाहिलं तेव्हाही ती तिथेच होती, मुलगी तिच्या कोटाखाली झोपली होती. त्या बाईंबद्दल मला आदरच वाटतो. पण तिला घरी तान्हं मूल असतं तर? तिच्या जागी दुसरा कोणी असता, जो पाळी संपताच रजिस्टर मिटून निघून गेला असता, तर? त्याची चूक तरी कशी म्हणायची? त्या मुलीच्या वाट्याला त्या रात्री जे आलं ते एका बाईचं भलेपण होतं. शुल्क मात्र कंपनीने घेतलं होतं.

आता विरोधी बाजूचे मुद्दे घेऊ. ते सगळेच फुसके नाहीत.

पहिला मुद्दा आईबापांचा. मुलांना एकटं पाठवण्यात धोका आहे हे खरंच. पण ही मुलं कोण असतात? आईबाप वेगळे झालेले असतात आणि सुट्टीचे दिवस न्यायालयाने दोघांत वाटून दिलेले असतात. कोणाचे आजीआजोबा लांब असतात, कोणी वसतिगृहातून घरी निघालेलं असतं. दरवेळी एका मोठ्या माणसाने जाऊन-येऊन चार तिकिटं काढणं सगळ्यांना परवडत नाही. यात नवीन काही नाही. अमेरिकेत १९१३ साली पार्सल टपाल सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी आयडाहोतल्या एका पाच वर्षांच्या मुलीला तिच्या आईवडिलांनी चक्क टपालाने आजीकडे पाठवलं. रेल्वेच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त पडत होतं. तिच्या कोटाला ५३ सेंटची टपाल तिकिटं लावली होती. हा किस्सा हसण्यावारी नेला जातो, आणि माणसं टपालाने पाठवायला पुढे बंदी आली हे बरंच झालं. पण एक तपशील सहसा गाळला जातो. रेल्वेच्या टपाल डब्यात तिच्यासोबत टपाल खात्यात नोकरीला असलेला तिचा नातेवाईक होता आणि त्यानेच तिला आजीच्या दारापर्यंत पोचवलं. खात्याच्या हिशेबात ती पार्सल होती, तरी वाटेत कुठल्याही क्षणी तिला कोण सांभाळतंय या प्रश्नाला नावानिशी उत्तर होतं. आज आपण मुलाला प्रवासी म्हणतो, वेगळं शुल्क घेतो, आणि हे उत्तर मात्र हरवून बसलो आहोत.

शिवाय, वादापुरतं धरून चालू की आईबाप बेजबाबदार आहेत. त्याने कंपनीची जबाबदारी कमी कशी होते? पडून डोकं फुटलेलं मूल दवाखान्यात आणलं, तर डॉक्टर आधी 'तुमचं लक्ष कुठे होतं' याचा निकाल लावून मग टाके घालतो का? आणि कंपनीला पालक बेजबाबदार वाटत होते, तर तिने त्यांच्याकडून शुल्क घेऊन मुलाला विमानात बसवलंच कशाला?

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे: हवामान कोणाच्या हातात नसतं. बरोबर. धुकं पडलं किंवा वादळ आलं म्हणून कंपनीला दंड करणं मलाही मान्य नाही. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. भरपाई द्यायची ती चूक केल्याबद्दल, आणि सांभाळ करायचा तो ताब्यात घेतलं म्हणून. युरोपने हा फरक नीट ओळखला आहे. तिथल्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे उड्डाण रद्द झालं तर जेवण, गरज पडल्यास हॉटेल, तिथवर ने-आण आणि दोन फोन एवढं प्रवाशाला द्यावंच लागतं. आणि नवव्या कलमात, एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलांच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, लाखभर उड्डाणं रद्द झाली, सुमारे एक कोटी प्रवासी अडकले. इतक्या अचाट संकटात तरी आम्हाला या जबाबदारीतून सोडा, असं एका कंपनीचं म्हणणं युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे गेलं. ३१ जानेवारी २०१३ रोजी न्यायालयाने ते फेटाळलं: संकट कितीही मोठं असो, सांभाळाची जबाबदारी संपत नाही, आणि तिला दिवसांची वा पैशांची मर्यादाही नाही. मोठ्या, हातीपायी धड प्रवाशाबाबत हे लागू, तर सात वर्षांच्या मुलाबाबत किती लागू?

अमेरिकेत मात्र कायदा विमान कंपनीला हॉटेल देण्याची सक्ती करत नाही. बहुतेक कंपन्यांनी तसं वचन दिलं आहे, पण ते त्यांच्या आवाक्यातल्या कारणांपुरतं. विमानात बिघाड झाला तर खोली, वादळ आलं तर तुमचं तुम्ही बघा. मोठ्या माणसाच्या बाबतीत ही विभागणी निदान समजू तरी शकते. मुलाच्या बाबतीत तिला अर्थच उरत नाही. बिघाड झाल्याच्या रात्री मूल एकटं असतं आणि वादळाच्या रात्री नसतं, असं आहे का? त्यातून हॉटेलचं कुपन दिलं तरी नऊ वर्षांच्या मुलाने ते घेऊन जायचं कुठे? सोबत मोठं माणूस नसेल तर बहुतेक हॉटेलं त्याला खोलीच देणार नाहीत.

तिसरा मुद्दा असा, की गोंधळाच्या काळात एकट्या मुलांना घेणंच थांबवावं. तो मला सगळ्यात जास्त पटलेला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. २०२४ च्या जुलैमध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे संगणक बंद पडले. डेल्टा कंपनीची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली, आणि त्या दिवसांत कंपनीने एकट्या मुलांना विमानात घेणंच थांबवलं. आईबाप संतापले. भर उन्हाळी सुट्टी होती, पोरं एका टोकाला गेलेली आणि परत येण्याचा मार्ग बंद. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने कंपनीच्या एकूण कारभाराची चौकशी लावली. तरीही मी म्हणेन, नव्या मुलांना न घेण्याचा निर्णय मुळात चुकीचा नव्हता. कोणतं विमान कधी सुटेल हे कंपनीलाच ठाऊक नसताना मुलाला घरातून उचलून मधल्या विमानतळावर आणून सोडणं हा आगीतून फुफाट्यातला प्रकार झाला असता. मूल आजीच्या घरी दोन दिवस जास्त राहिलं, तर कोणाचं काय बिघडतं? बिघडलं ते दुसरीकडे. ऐन वेळी, नीट न कळवता दार बंद करणं आणि तुमचं तुम्ही बघा म्हणणं, हा दोष होता. जे मूल आपण स्वतः नेऊन सोडलं, त्याला परत आणण्याचा हिशेब बंदीच्या हुकुमातच असायला हवा. आणि बंदी निघाली त्या क्षणी जी मुलं वाटेत होती त्यांचं काय? दार बंद केल्याने बाहेरच्यांचा प्रश्न सुटतो. आत आलेल्यांचा नाही.

चौथा मुद्दा पैशांचा आणि माणसांचा. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या असतात, वैमानिक-परिचारकांना विश्रांतीचे कडक नियम असतात आणि ते असलेच पाहिजेत. रात्रभर परक्या मुलाजवळ बसण्यात कायद्याची जोखीम आहे. हॉटेलच्या बंद खोलीत एका अनोळखी कर्मचाऱ्यासोबत मूल ठेवायचं, या कल्पनेनेच कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल, आणि त्या कर्मचाऱ्याच्याही. फार ताणलंत तर कंपन्या सेवाच गुंडाळतील, असा इशाराही दिला जातो. तो पोकळ नाही. ब्रिटिश एअरवेजने २०१६ मध्ये मागणी घटल्याचं कारण देऊन ही सेवा बंद केली. युरोपातल्या अनेक स्वस्त विमान कंपन्या लहान मुलांना एकटं घेतच नाहीत. या लोकांशी माझं भांडण नाही. उलट, आम्हाला जमणार नाही असं तिकीट विकण्याआधी सांगणारी कंपनी प्रामाणिक म्हणायची. शुल्क घ्यायचं, सही घ्यायची आणि रात्र झाली की कानांवर हात ठेवायचे, यावर माझा आक्षेप आहे.

पण रात्रीचा सांभाळ प्रत्येक कंपनीने वेगवेगळा आणि आपल्याच काउंटरवरच्या माणसांकडून करायचा, हे कोणी ठरवलं? इथे रेल्वेचा इतिहास उपयोगी पडतो, कारण हा पेच रेल्वेपुढे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेड्यांतल्या तरुण मुली कामासाठी मोठ्या शहरांत एकट्या येऊ लागल्या. गाडी रात्री पोचायची. फलाटावर त्यांना गाठायला दलाल टपलेले असायचे. तेव्हाही 'अशा मुलींना घराबाहेर पाठवतातच कशाला' असं म्हणणारे थोडे नव्हते. पण काही लोकांनी तो वाद बाजूला ठेवून स्टेशनातच एक खोली मागितली. १८९४ मध्ये बर्लिनच्या एका स्टेशनावर बानहोफ्समिशन, म्हणजे स्टेशनातलं सेवाकेंद्र, सुरू झालं. अमेरिकेत ट्रॅव्हलर्स एड या नावाने असंच काम उभं राहिलं आणि पुढे त्यांची टेबलं विमानतळांवरही आली. या कामाची गंमत अशी, की ते रेल्वेच्या नोकरांनी केलं नाही. तिकीट तपासनिसाला दाईचं काम सांगितलं नाही. रेल्वेने जागा दिली आणि माणसं त्याच कामासाठी आलेली होती. जर्मनीत तर पुढे एकट्या मुलांना गाडीतून सोबत करण्याची सेवाही रेल्वे आणि बानहोफ्समिशन यांनी मिळून चालवली. वेगळ्या राहणाऱ्या आईबापांची, शुक्रवारी एकाकडे आणि रविवारी दुसऱ्याकडे जाणारी मुलंच तिचा मोठा आधार होती.

विमानतळावर हेच करायला काय हरकत आहे? मोठ्या विमानतळावर सगळ्या कंपन्यांची मिळून एक खोली. पडदे, चार-सहा पलंग, आतल्या भागाला लागून, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या कटकटी पुन्हा नकोत. पार्श्वभूमी तपासलेली, मुलांच्या सांभाळाचं शिक्षण घेतलेली दोन माणसं. एकटं कोणी कधीच नाही, कारण दोन मोठी माणसं असण्याची अट मुलाला जशी जपते तशीच त्या माणसांनाही जपते. आत-बाहेर जाण्याची नोंद. दम्याचा पंप, गोळ्या, कशाची ॲलर्जी, हे फॉर्मवरूनच कळलेलं. झोपण्याआधी घरी फोन, आणि तोही मुलाच्या संपत आलेल्या बॅटरीवर अवलंबून नसलेला. वर्षातल्या बहुतेक रात्री ही खोली रिकामी राहील. म्हणून ती वायफळ ठरते का? अग्निशमनाचा बंब बहुतेक दिवस उभाच असतो. रोज रात्री माणसं बसवून ठेवण्याचीही गरज नाही; बोलावल्यावर तासाभरात येतील असा करार पुरतो. एका कंपनीला वर्षात अशी मोजकी मुलं सांभाळावी लागतील, म्हणून एकटीला हा खर्च डोईजड होईल. सगळ्यांनी मिळून उचलला तर तो आत्ता घेतल्या जाणाऱ्या शुल्कातूनच बऱ्याच अंशी निघावा.

लहान विमानतळांवर आणि वाट वळवलेल्या विमानांच्या बाबतीत हे जमणार नाही, हे मी कबूल करतो. विमान अशा गावी उतरलं जिथे कंपनीचा एकही माणूस नाही, तर खोली कुठून आणणार? ११ सप्टेंबर २००१ ला कॅनडातल्या गँडर या छोट्या गावात एकाएकी ३८ प्रवासी विमानं उतरली आणि हजारो माणसांना गावाने शाळांत, चर्चमध्ये, स्वतःच्या घरांत ठेवून घेतलं. ते कोणत्याही नियमावलीत नव्हतं. अशा वेळी माणुसकीवरच भिस्त ठेवावी लागते, आणि ती बहुतेकदा पुरते. पण धुक्यामुळे किंवा वादळामुळे मोठ्या विमानतळावर उड्डाण रद्द होणं ही दर हंगामातली, हमखास घडणारी गोष्ट आहे. तिथे गँडरचं उदाहरण देऊन 'लोक चांगले असतात, काहीतरी होतंच' म्हणणं म्हणजे निव्वळ आळस.

ज्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही अशी मुलं मात्र याहून वेगळी आहेत: बारा ते सतरा वयाची. अनेक कंपन्यांत पंधरा वर्षं पूर्ण झाली की ही सेवा ऐच्छिक होते, काही कंपन्यांत तर बाराव्या वर्षीच मूल एकटं जाऊ शकतं. तिकिटापुरता तो मोठा माणूस. शुल्क नाही, पिशवी नाही, सही नाही. विमान रद्द झालं की त्यालाही मोठ्यांसारखं कुपन मिळतं. ते घेऊन तो हॉटेलात जातो आणि तिथे कळतं की अठरा वर्षांखालच्याला खोली मिळत नाही. विमान कंपनीच्या लेखी तो मोठा आणि हॉटेलच्या लेखी लहान. रात्री एक वाजता सोळा वर्षांची मुलगी या दोन नियमांच्या फटीत, टॅक्सीतळावर उभी असते. पालकांनी वेळेवर सेवा घेतली नाही, हा त्यावर दिला जाणारा ठराविक जवाब आहे. पण जन्मतारीख तर आरक्षणाच्या नोंदीतच असते ना? आजचं उड्डाण रद्द झाल्याच्या क्षणी संगणकाने अठराखालच्या सगळ्या प्रवाशांची यादी काढायला किती सेकंद लागतात? सामान हरवलं तर प्रत्येक बॅगेचा क्रमांक शोधून काढणारी ही यंत्रणा आहे. आपण जी खोली मागतो आहोत तिचं दार या मुलांनाही उघडं हवं, शुल्क भरलेलं असो वा नसो. ही माझी सगळ्यात वादग्रस्त मागणी आहे याची मला कल्पना आहे, आणि कंपन्या सर्वांत जास्त विरोध तिलाच करतील.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांबद्दल चार गोष्टी मुद्दाम सांगितल्या आहेत: सुरक्षितता, आरोग्य, कर्मचाऱ्यांची संख्या आणि योग्यता, आणि त्यांच्यावरची देखरेख. वाचताना डोळ्यांपुढे अनाथालयं, पाळणाघरं, वसतिगृहं येतात. रात्री अकरा ते सकाळी सहा एका मुलाला ताब्यात ठेवणारी विमान कंपनी त्या सात तासांपुरती याहून वेगळी कशी?

तेव्हा मागणी फार मोठी नाही. फॉर्मवर आज दोन चौकटी आहेत, सोडणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. नाव, ओळखपत्र, फोन. त्यांच्या मधे तिसरी चौकट छापावी: रात्र झाली तर मूल कुठे असेल, कोणाजवळ असेल, कोणत्या नंबरवर मिळेल. ती रिकामी सोडायची असेल तर कंपनीने खुशाल सोडावी. फक्त आईबापांना ती पैसे भरण्याआधी दिसायला हवी, म्हणजे सकाळचं विमान घ्यायचं की स्वतः सोबत जायचं, की पाठवायचंच नाही, हे त्यांना घरी बसून ठरवता येईल.